स्लॅबवरच्या सळया आणि घरची वीज

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, हसनाबादला किंवा आसपासच्या कुठल्याही गावात शिरताना घरांच्या माथ्याकडे बघावं. स्लॅब पडलेला असतो, घरात माणसं राहायला आलेली असतात, आणि तरी कॉलमच्या सळया हात-दोन हात वर उभ्याच असतात. त्या कुणी विसरलेलं नसतं. आज एकच मजला परवडला. एखाद्या वर्षी कापूस-सोयाबीन साधेल, मुलाचं लग्न ठरेल, तेव्हा वरचा मजला चढवू, या हिशेबाने त्या राखलेल्या असतात. पाया मात्र आजच दोन मजल्यांचा घातलेला असतो, कारण भिंत नंतर चढवता येते, पाया नंतर रुंद करता येत नाही. हे इथल्या गवंड्याला आणि घरधन्याला कुणी शिकवावं लागत नाही.

घरावरच्या सोलरचा आणि बॅटरीचा बेतही याच रीतीने आखायला हवा. जे नंतर बदलायला महाग किंवा अशक्य आहे ते आज पुरेसं मोठं घ्यायचं आणि जे सहज वाढवता येतं ते आज लहान घेतलं तरी चालतं. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत उलटं घडताना दिसतं. पॅनेल किती किलोवॅटची, बॅटरी किती मोठी, यावर सगळी चर्चा होते. बॅटरीचा व्होल्टेज, इन्व्हर्टरची जात, वायरिंगची फोड, अर्थिंग, छतावरची जागा हे सगळं बसवायला येणाऱ्या माणसावर सोडलं जातं. तीन वर्षांनी फ्रीज येतो, कूलर येतो, आणि मग कळतं की वाढवायचं म्हणजे जुनं सगळं काढून नवं बसवायचं.

पॅनेलच्या आधी दुखणं ओळखलं पाहिजे, कारण 'लाईट जाते' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी दुखणी असतात. २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्याने वेळापत्रक लावून केलेलं लोडशेडिंग सोसलं. खेड्यांतल्या घरांत एका बॅटरीचा इन्व्हर्टर आला तो त्याच काळात. आज अनेक ठिकाणी गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे आणि तासन्‌तासांचं ठरलेलं भारनियमन मागे पडलं आहे. पण वीज दिवसातून चार वेळा अर्धा-अर्धा तास जाते, हे एक दुखणं. मृगाच्या तोंडावरच्या वादळात झाड तारेवर पडतं किंवा डीपी जळते आणि गाव दोन-तीन दिवस अंधारात राहतं, हे दुसरं. तिसऱ्यात लाईट गेलेली नसते, पण संध्याकाळी सगळ्यांच्या विजेच्या शेगड्या-मिक्सर-मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज इतका पडतो की पंखा रेंगाळतो आणि फ्रीज घुमतो. पहिल्यावर बॅटरी पुरते, पॅनेल नसली तरी चालतं. दुसऱ्याला पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लागतात, कारण बॅटरी एका रात्रीत संपते आणि उन्हाशिवाय तिला भरणारं कुणी नसतं. तिसऱ्यासाठी कमी व्होल्टेजमध्येही तग धरणारा इन्व्हर्टर लागतो. म्हणून खरेदीआधी महिनाभर एका वहीत लिहावं: लाईट कधी गेली, कधी आली, त्या वेळी घरात काय चालू हवं होतं. शक्य झालं तर एक महिना उन्हाळ्याचा आणि एक पावसाळ्याचा. या वहीइतकी उपयोगी वस्तू दुकानात मिळत नाही.

वॅट आणि युनिट यांत गल्लत होते, ती शेतकऱ्याच्या घरात तरी व्हायला नको. मोटर किती एचपीची हा एक प्रश्न, आणि रात्रभरात हौदात किती पाणी पडलं हा दुसरा. किलोवॅट म्हणजे मोटरचा जोर. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. युनिट म्हणजे उपसलेलं पाणी. १,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट झालं. याच भाषेत पॅनेल म्हणजे विहिरीचा झरा, बॅटरी म्हणजे हौद आणि इन्व्हर्टर म्हणजे हौदातून निघणाऱ्या पाइपाचा व्यास. हौद कितीही मोठा असला तरी पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर एका वेळी धार तेवढीच येणार.

आता एक घर धरू. रात्री नऊ वॅटचे चार दिवे, दोन पंखे, दहा वॅटचा वायफायचा डबा. पंखे जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी ७५ वॅटचे असतील तर बेरीज १९६ वॅट होते आणि आठ तासांत दीड युनिटाहून थोडं जास्त लागतं. तेच पंखे नव्या पद्धतीचे, ३० वॅटचे बीएलडीसी बसवले की बेरीज १०६ वॅटवर येते आणि आठ तासांना ०.८५ युनिट पुरतं. दोन पंखे बदलून हौद जवळजवळ निम्मा करता आला. म्हणून वाढवता येणाऱ्या व्यवस्थेची पहिली पायरी छतावर नाही, घरातल्या आढ्याला आहे, असं माझं ठाम मत आहे. पंखे बदलायला ना परवानगी लागते, ना कर्ज, आणि पुढे जे काही घ्याल ते या बदलामुळे लहान पुरतं.

दिव्या-पंख्यांच्या पलीकडची उपकरणं दोन गटांत पडतात. फ्रीज साधारण दिवसाला एक युनिट खातो, टीव्ही त्याहून कमी, कूलर उन्हाळ्यात दीडशे-दोनशे वॅट तासन्‌तास घेत राहतो. ही उपकरणं बॅटरीवर ठेवायची की नाही हे ऐपतीवर ठरतं. मिक्सर, पाण्याची मोटर, घरगुती चक्की, कडबा कुट्टी यांचं गणित वेगळं. ती थोडा वेळच चालतात, पण सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट ओढ घेतात. अर्ध्या एचपीची मोटर चालताना पावणेचारशे वॅट घेते, पण उठताना तिला क्षणभर त्याच्या तीन ते पाच पट हवं असतं. कडबा कुट्टी दोन एचपीची असेल तर तो झटका सहा-सात किलोवॅटच्या घरात जातो आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर कोलमडतो. कुट्टी लाईट असताना चालवावी. तिच्यासाठी सगळी व्यवस्था दुप्पट करण्यात अर्थ नाही.

यातूनच वायरिंगची गोष्ट निघते. वायरिंग करतानाच घराची दोन हिश्श्यांत फोड करावी: लाईट गेल्यावरही चालू हवं ते एका बोर्डावर, आणि गिझर, इस्त्री, मोटर, कुट्टी हे दुसऱ्या बोर्डावर. दोन्हींचे न्यूट्रलही वेगळे राहिले पाहिजेत. जुन्या घरांत इलेक्ट्रिशियन फेज वेगळी करतो आणि न्यूट्रल एकत्रच ठेवतो. मग इन्व्हर्टर विनाकारण ट्रिप होत राहतो आणि दोष कुणालाच सापडत नाही. घराला नवा गिलावा होणार असेल तर गच्चीपासून इन्व्हर्टरच्या जागेपर्यंत दोन रिकामे पाइप भिंतीत आधीच घालून ठेवावेत, एक पॅनेलच्या डीसी वायरीसाठी आणि एक एसीसाठी. यांची किंमत किरकोळ. गिलावा झाल्यावर भिंत फोडण्याची मात्र किरकोळ नसते.

पायाचा सगळ्यात खोल दगड म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज. खेड्यातला नेहमीचा इन्व्हर्टर १२ व्होल्टचा असतो, एक बॅटरी आणि काम सुरू. पण १२ व्होल्टवर ३,००० वॅट काढायचे तर वायरीतून २५० अँपिअर वाहावे लागतात. तेच ४८ व्होल्टवर साडेबासष्ट. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह चौपट झाला की त्याच वायरीत उष्णता सोळापट. म्हणूनच १२ व्होल्टची व्यवस्था एका मर्यादेपुढे वाढत नाही. वाढवू पाहिली तर वायरी तापतात, टोकं जळतात. पुढे कधीतरी दोन-तीन किलोवॅटला जायचा मनात विचार असेल तर आज ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्यावा, त्यावर भार कितीही कमी असो. दोन मजल्यांचा पाया तो हाच.

इन्व्हर्टरच्या जाती तीन. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर पॅनेलची वीज घरात वापरतो आणि उरलेली महावितरणच्या तारेत सोडतो. नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतं. ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर तारेत काहीच सोडत नाही, बॅटरीवर चालतो. हायब्रिड दोन्ही कामं करतो. अनेकांची निराशा पहिल्या जातीने होते. छतावर तीन किलोवॅटची पॅनेल कडक उन्हात चमकत असतात, लाईट जाते, आणि सोलरही बंद पडतं. यात बिघाड काहीच नाही. नियमानेच तसं ठेवलेलं आहे. गावची लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी शंभर घरांची पॅनेल तारेत वीज ढकलत राहिली तर त्या माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेल्याचं कळताच ऑन-ग्रिड इन्व्हर्टरने स्वतःला बंद करणं सक्तीचं आहे. हायब्रिड इन्व्हर्टर त्याच क्षणी घराला तारेपासून तोडतो आणि आतल्या बोर्डाला बॅटरी-पॅनेलवर चालू ठेवतो. वायरमन सुरक्षित राहतो आणि घरात उजेडही राहतो.

ज्यांच्याकडे ऑन-ग्रिड आधीच बसलं आहे त्यांनी हताश होऊ नये. सगळ्यात स्वस्त उपाय बहुधा घरातच कोपऱ्यात ठेवलेला असतो: तोच जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर. तो लाईट असताना ग्रिडवरून भरतो. दिवसा त्या भरण्याचं युनिट छतावरची पॅनेल भरून काढतातच. छोट्या खंडितपणाला एवढं पुरतं. मोठ्या खंडितपणात मात्र पॅनेलची वीज वाया जाते. ती वापरायची तर ऑन-ग्रिडच्या जागी हायब्रिड इन्व्हर्टर बसवावा, आणि तसा बदल महावितरणला कळवूनच करावा, कारण नेट मीटरिंगची मंजुरी त्याच यंत्रावर दिलेली असते.

अनुदानाचा हिशेब इथेच सांगतो. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांचं लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये मिळतात. पॅनेल देशात बनलेल्या सेलची असावी लागतात आणि व्यवस्था ग्रिडला जोडलेली असावी लागते. बॅटरीला या योजनेत पैसा नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आली ती याच योजनेच्या वातावरणात. टप्प्याटप्प्याने वाढवू पाहणाऱ्याने यातून घ्यायचा अर्थ असा: अनुदान पॅनेलवर आहे, तेव्हा बॅटरी लहान ठेवून पॅनेल अनुदानाच्या मर्यादेपर्यंत आधी घेणं बहुतेक घरांना फायद्याचं ठरतं. इन्व्हर्टर मात्र त्याच वेळी हायब्रिड निवडावा आणि अर्जात तसं नोंदवावं. अर्ज करण्याआधी मीटरचा मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघून घ्यावं.

पॅनेल किती देतात? हसनाबाद सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे एक किलोवॅटची पॅनेल वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे चार युनिट देतात. ही सरासरी आहे हे विसरू नये. जुलै-ऑगस्टात ढग आठवडाभर हटत नाहीत तेव्हा चाराचे दोन होतात, एखाद्या काळ्याकुट्ट दिवशी एकसुद्धा होत नाही. आणि ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे अर्धंच खरं आहे. पॅनेलवर लिहिलेले वॅट सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असते तेव्हा स्लॅबवरच्या पॅनेलचं अंग ६५-७० अंशांपर्यंत तापतं, आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. चाळीस-पंचेचाळीस अंशांचा फरक म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास तूट. म्हणूनच पॅनेल स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. खालून वारा खेळला पाहिजे.

तापमानाचा दुसरा परिणाम जास्त धोक्याचा आहे आणि वाढवण्याच्या बेतात तोच सगळ्यात दुर्लक्षित राहतो. पॅनेल एकापुढे एक जोडली की त्यांच्या व्होल्टेजची बेरीज होते; अशा माळेला स्ट्रिंग म्हणतात. समजा ५४० वॅटचं पॅनेल आहे. भार नसताना त्याचा व्होल्टेज साधारण ४९.५, काम करताना ४१.५. डिसेंबरात हसनाबादच्या शिवारात पहाटे आठ अंशांपर्यंत थंडी उतरली तर भाराविना व्होल्टेज वाढून ५२ च्या जवळ जातो. अशी दहा पॅनेल एका माळेत असतील तर बेरीज ५१८. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५०० असेल तर सूर्य उगवता उगवता तो निकामी होऊ शकतो. उलट मे महिन्याच्या दुपारी काम करतानाचा व्होल्टेज पॅनेलमागे ३५ च्या आसपास उतरतो. तीन पॅनेलची माळ असेल तर बेरीज १०५-१०६, आणि इन्व्हर्टरला कामाला लागायला १२० हवे असतील तर भर उन्हात तो गप्प बसून राहील. म्हणजे या इन्व्हर्टरला या पॅनेलची कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त नऊ इतकीच माळ चालते. हे दोन आकडे, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा, बसवणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्यावेत. 'आत्ता दोनच लावू, बाकी पुढच्या वर्षी' हा बेत का फसतो तेही यातून समजतं.

आणखी एक पेच काळाचा आहे. आज घेतलेलं मॉडेल चार वर्षांनी बाजारात मिळत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने पहिला कामाचा सिलिकॉन सौर सेल दाखवला तेव्हा तो उन्हाच्या सहा टक्के भागाची वीज करत होता. आजचं साधं पॅनेल सुमारे २१ टक्क्यांची करतं आणि आकार-वॅट दरवर्षी बदलत राहतात. एका माळेत जुनी-नवी पॅनेल मिसळली की सगळी माळ सगळ्यात कमी प्रवाहाच्या पॅनेलच्या चालीने चालते, बैलजोडीत एक बैल थकलेला असावा तशी. म्हणून इन्व्हर्टर दोन स्वतंत्र एमपीपीटी असलेला घ्यावा. एमपीपीटी म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळेल तो बिंदू सतत शोधत राहणारी यंत्रणा. आज एकीवर चार-पाच पॅनेलची माळ लावायची आणि दुसरी रिकामी ठेवायची. पाच वर्षांनी जी पॅनेल मिळतील ती तिच्यावर लागतील, जुन्यांशी जुळो न जुळो.

आता त्या सळयांकडे परत येऊ, कारण छतावर पोचलं की त्या खरोखरच आडव्या येतात. पाच-सात वर्षांत वरचा मजला चढवायचा नक्की असेल तर पॅनेल त्या मजल्याच्या जागेवर बसवूच नयेत; गोठ्याचा किंवा पडवीचा भाग, अंगणातला मोकळा तुकडा शोधावा. नाहीतर मांडणी अशी करून घ्यावी की नटबोल्ट सोडवून ती वरच्या स्लॅबवर नेता येईल, आणि वायर तेवढी लांब सोडलेली असेल. माळवदाच्या जुन्या घरावर तर पॅनेलचा भार टाकूच नये. एका पॅनेलचं वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास, त्यात लोखंडी मांडणी वेगळी, आणि वाऱ्याची ओढ त्याहून मोठी. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर वेग धरायला सांगतं. हसनाबादनेही तेवढाच धरावा. मांडणीचे पाय स्लॅबला धरून असावेत, नुसत्या विटा-दगडांच्या वजनावर नकोत.

सावलीचं गणित सळयांना, पाण्याच्या टाकीला आणि जिन्यावरच्या खोलीला सारखंच लागू आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सकाळी नऊ वाजता एक मीटर उंच वस्तूची सावली जवळजवळ १.९ मीटर पडते. दीड मीटरची टाकी पावणेतीन-तीन मीटरपर्यंत सावली टाकते, सकाळी वायव्येला आणि संध्याकाळी ईशान्येला. म्हणून टाकी, जिना पॅनेलच्या उत्तरेला असावेत आणि पॅनेलची तोंडं दक्षिणेला. मोजमाप मे महिन्यात करू नये. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तर इथे दुपारी सावली पायाखाली जाते आणि सगळं छत निर्मळ दिसतं. एका सेलवर पडलेली बारीक सावलीसुद्धा माळेची वीज खाली ओढते, तेव्हा एखादी एकटी सळईही दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

छत विजेसाठी राखीव नसतं, हे बसवणारे विसरतात. उन्हाळ्यात त्यावर कुरडया, पापड, शेवया वाळतात, मिरची पसरलेली असते, रात्री माणसं झोपतात. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा धरली तर तीन किलोवॅटने छोट्या घराची गच्ची संपली. म्हणून मांडणी माणूस खालून चालेल इतकी उंच करून घ्यावी. खर्च वाढतो, वाराही जास्त झोंबतो म्हणून लोखंड जाड लागतं, पण घरातल्या बायकांची वाळवणाची जागा जात नाही आणि खालची खोली थोडी थंड राहते. बेत आखताना त्यांना विचारावं. गच्ची रोज कोण वापरतं ते त्यांनाच ठाऊक असतं.

धूळ इथे भरपूर: मळणीची, वखरलेल्या रानाची. पुसायला बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर वाळल्यावर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते निघता निघत नाहीत. जालना जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेला आहे, तेव्हा पॅनेलवर पाइप सोडायला इथे कुणी सांगू नये. सकाळी काच थंड असताना आधी कोरड्या मऊ फडक्याने आणि मग ओल्या फडक्याने पुसलं तरी काम होतं. गारपिटीची भीती २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चनंतर मराठवाड्याला समजवावी लागत नाही. मान्यताप्राप्त पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटर व्यासाची गार सेकंदाला २३ मीटर वेगाने आदळून होते. लिंबाएवढ्या गारांपुढे तो भरवसा पुरत नाही, म्हणून विमा उतरवलेला बरा. वीज पडण्यापासून संरक्षणाचा खांब, पॅनेलच्या मांडणीचं अर्थिंग आणि एसीचं अर्थिंग, असे तीन वेगळे खड्डे असावेत. काळी माती पावसाळ्यात ओल धरते पण उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग नेमकं वळवाच्या विजांच्या दिवसांत कमजोर होतं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यांत आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं.

बॅटरीकडे येऊ. शिशाची बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँतेने बनवली आणि तिचं मूळ रूप आजही तेच आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १.८ युनिट; पण निम्म्याखाली वारंवार उतरवली की ती लवकर म्हातारी होते, म्हणजे हाती ०.९ युनिट. उष्णता तिचा शत्रू: सुमारे दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. पत्र्याखालच्या खोलीत ती ठेवणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. आणि वाढवण्याच्या दृष्टीने तिच्यात मोठा दोष आहे: जुन्या बॅटऱ्यांसोबत नवी जोडली की जुन्या नवीला आपल्या पातळीवर ओढतात. शिशाच्या बॅटऱ्यांचा संच एकदाच घ्यायचा आणि एकदाच बदलायचा.

लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची दिशा १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने दाखवली. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामाचं नोबेल २०१९ मध्ये मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. ३.२ व्होल्टचे सोळा सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट होतात, आपल्या ४८ व्होल्टच्या पायावर बरोबर बसणारे. १०० अँपिअर-तासाचा असा एक डबा म्हणजे ५.१२ युनिट, त्यातलं ८० टक्के वापरलं तर चार युनिट हाती. हे डबे समांतर जोडता येतात: आज एक, दोन वर्षांनी दुसरा. दोन्ही एकाच बनावटीचे असावेत आणि त्यांच्यातलं सेलवर नजर ठेवणारं सर्किट इन्व्हर्टरशी बोलू शकणारं असावं. किंमत बघताना डब्याची न बघता आयुष्यभराच्या युनिटची बघावी. १५० अँपिअर-तासाच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या १,२०० वेळा निम्म्या रिकाम्या केल्या तर सुमारे २,१६० युनिट मिळतात. लिथियमचा एक डबा ४,००० वेळा वापरला तर सोळा हजारांच्या वर. दुकानदाराने सांगितलेली किंमत या आकड्यांनी भागून पाहावी आणि मग ठरवावं.

मग हौद किती मोठा? हसनाबादला ग्रिड आहे, तीन दिवसांचा साठा बाळगायचं कारण नाही. एक रात्र निघेल एवढी बॅटरी आणि दुसऱ्या दिवशी ती भरून घराचा दिवसही काढतील एवढी पॅनेल, इतकं पुरतं. आपल्या घराला ०.८५ युनिट रात्रीचं आणि फ्रीजसाठी अर्धं. एक डबा दुसऱ्या रात्रीही थोडा उरेल.

गावात हमखास विचारलं जातं ते असं: मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून वावरात पॅनेल आलीच आहेत, तीन एचपीच्या पंपावर तीन किलोवॅटची, मग तीच घराला का जोडू नयेत? प्रश्न रास्त आहे, कारण पंप वर्षातले कित्येक महिने बंद असतो. पण त्या पॅनेलखालचा कंट्रोलर फक्त पंप फिरवायला बनलेला असतो, बॅटरी भरायला नाही, आणि अनुदानाचा तो संच शेतातच राहावा अशी अट असते. त्याची वायर तोडून आखाड्यावर बल्ब लावणाऱ्याची हमी जाते आणि जीवही धोक्यात येतो. चारशे-पाचशे व्होल्टच्या डीसीचा चटका सुटत नाही.

शेवटची वस्तू अगदी स्वस्त आहे. काम पूर्ण झालं की बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवावा. पॅनेलचं मॉडेल, भाराविना आणि चालू व्होल्टेज. माळ किती पॅनेलची, जास्तीत जास्त किती चालेल. दुसरी एमपीपीटी रिकामी आहे. बॅटरीची बनावट आणि तारीख. कोणता रिकामा पाइप कुठून कुठे जातो. तीन अर्थिंगचे खड्डे कुठे आहेत. पाच वर्षांनी वरचा मजला चढेल, सळयांना नव्या सळया बांधल्या जातील, आणि त्या वेळी येणारा इलेक्ट्रिशियन आजचा नसेल. त्याने दार उघडलं की कुठून पुढे सुरू करायचं ते त्याला तिथेच लिहिलेलं दिसावं.